कानात आवाज येतो, पण डॉक्टरांना सांगू नकोस

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. लघवीतून रक्त गेलं म्हणून तपासण्या झाल्या आणि मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. गाठ मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचली आहे. आधी सिस्प्लॅटिन आणि जेमसायटाबिन या केमोच्या औषधांच्या चार सायकल (म्हणजे फेऱ्या), मग मूत्राशय काढायची शस्त्रक्रिया, असं ठरलंय. दोन सायकल झाल्या. दुसरीनंतर बाबांच्या कानात रात्री शीळ घातल्यासारखा आवाज येतो. मला म्हणाले, "डॉक्टरांना सांगू नकोस, औषध बंद करतील." तिसरी सायकल पुढच्या आठवड्यात आहे.

आणखी काही शंका आहेत. सिस्प्लॅटिन किडनीला त्रास देतं म्हणतात, मग लघवीच्याच मार्गाच्या आजारात तेच का देतात? बाबांच्या ओळखीच्या एका गृहस्थांना मूत्राशयातच औषध सोडत होते, केमोचा काही त्रास झाला नाही. बाबांना तसं का नाही? ते प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आणि ड्यूटास्टेराइड, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल घेतात. गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक. एका नातेवाइकांनी किडनी साफ ठेवायला झाडपाल्याचं चूर्णही दिलंय. यातलं काय चालू ठेवायचं? माझी गरोदर बहीण सध्या आमच्याकडे राहायला आहे, तिला काही धोका आहे का?

– एक मुलगी

उत्तर

तिसरी सायकल सुरू होण्याआधी कानातल्या आवाजाबद्दल तुमच्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे. तुमच्या पत्राचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून ते आधी. बाकीचे प्रश्नही महत्त्वाचे आहेत, पण त्यांना दोन दिवस उशीर झाला तर चालेल. याला चालणार नाही.

बाबांची भीती मी समजू शकतो. माणसाला एकदा वाटलं की हेच औषध मला वाचवणार आहे, की तो त्याचा सगळा त्रास मुकाट्याने सोसायला तयार होतो. त्यात धैर्य आहे, आणि त्याचा मान राखूनच त्यांच्याशी बोला. पण त्यांच्या मनात दोनच पर्याय दिसतात: पूर्ण डोस, नाहीतर औषध बंद. त्या दोन टोकांच्या मधे बरंच काही असतं, आणि ते डॉक्टरांच्या हातात असतं. मात्र कानाचं त्यांना वेळेत कळलं तरच.

सिस्प्लॅटिन शरीरातल्या बहुतेक भागांतून हळूहळू बाहेर पडतं. आतल्या कानात, कॉक्लिया नावाच्या शंखासारख्या भागात, ते अडकून राहतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार संपून महिने, अगदी वर्षं उलटल्यावरही कॉक्लियात प्लॅटिनम सापडलं होतं. तिथे आवाजाच्या लहरी टिपणाऱ्या अतिशय नाजूक पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. प्रत्येक सायकलचं प्लॅटिनम आधीच्या साठ्यात भर घालतं, म्हणून हा त्रास डोसागणिक वाढत जातो.

सुरुवातीला जातो तो उंच पट्टीचा आवाज. समोरासमोरचं बोलणं नीट ऐकू येत असतं, त्यामुळे "मला तर सगळं ऐकू येतंय" असं रुग्ण मनापासून म्हणतो. कानात शीळ किंवा गुणगुण ही बऱ्याचदा पहिली खूण असते. ती आत्ता दिसली आहे आणि अजून दोन सायकल बाकी आहेत. थांबून विचार करायला याहून योग्य वेळ नाही. याच आवाजाकडे दुर्लक्ष करून दोन पूर्ण डोस आणखी गेले, तर पुढे माणसांच्या गप्पांतही ऐकू येणं अवघड होऊ शकतं, आणि ते परत मिळवून देणारं औषध आज तरी नाही.

डॉक्टर बहुधा आधी ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणी, करून घेतील. पहिल्या सायकलच्या आधी एखादी झाली असेल तर तिच्याशी ताडून पाहता येईल. झाली नसेल तर आताची चाचणी पुढच्यासाठी आधार ठरेल. मग निर्णय. डोस कमी करता येतो, दोन वेगवेगळ्या दिवसांत विभागून देता येतो, काही दिवस थांबता येतं, झालेल्या सायकल पुरेशा मानून शस्त्रक्रिया अलीकडे आणता येते, किंवा त्रास सौम्य असेल तर लक्ष ठेवून ठरल्याप्रमाणे पुढेही जाता येतं. यातलं काय योग्य, हे बाबांना न तपासता मी सांगणं चुकीचं होईल. इतकं मात्र खात्रीने सांगतो की यातला प्रत्येक पर्याय कॅन्सरचा उपचार चालू ठेवण्याचाच आहे.

इंटरनेटवर शोधलंत तर सोडियम थायोसल्फेटचं नाव दिसेल. सिस्प्लॅटिनमुळे होणारं कानाचं नुकसान कमी करण्यासाठी अमेरिकेत २०२२ साली त्याला मंजुरी मिळाली, पण ती लहान मुलांसाठी, आणि कॅन्सर एकाच जागी असेल तर. हे औषध सिस्प्लॅटिनला पकडून निष्प्रभ करतं, म्हणून मुलांनाही ते सिस्प्लॅटिन देऊन झाल्यावर सहा तासांनी देतात. चुकीच्या वेळी दिलं तर कॅन्सरवरचा परिणामही कमी होण्याची भीती असते. बाबांसाठी तो मार्ग नाही.

बोलणं निघालंच आहे तर त्यांच्या हातापायांचंही विचारा. बोटांना मुंग्या, तळपायाला बधिरपणा, शर्टाची बटणं लावताना धांदल, असं काही आहे का? सिस्प्लॅटिन नसांनाही त्रास देतं, आणि त्याची एक फसवी रीत आहे: औषध थांबवल्यावरही हा त्रास काही महिने वाढत राहू शकतो. म्हणजे आज जेवढा जाणवतो त्यापेक्षा खरा हिशेब मोठा असू शकतो. कानाबरोबर हेही एकाच वेळी सांगा.

हे सगळं बाबांच्या पाठीमागे करू नका. त्यांना सांगा की आवाज लपवला तर औषध वाचत नाही, कान मात्र जातात. आणि पुढचा डोस ठरवताना डॉक्टरांच्या हातात अर्धीच माहिती असते. एक-दोन दिवस द्या, त्यांना स्वतः बोलू द्या. तरीही ते तयार झाले नाहीत, तर तपासणीच्या खोलीत त्यांच्या समोर, त्यांच्या शेजारी बसून तुम्ही सांगा. थोडा वेळ रागावतील. ते सहन करण्याजोगं आहे.

आता किडनीबद्दल. हा प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्याच्या उत्तरात या औषधाची सगळी कहाणी येते.

१९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा काय परिणाम होतो ते पाहत होते. त्यांना दिसलं की जिवाणू वाढताहेत, लांबताहेत, पण दुभंगत नाहीत. नेहमीच्या कित्येक पट लांबीचे धागे होताहेत. कारण वीज नव्हती. विजेसाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून विरघळलेलं प्लॅटिनमचं संयुग पेशींचं विभाजन रोखत होतं. न थांबता विभागत राहणं हाच कॅन्सरच्या पेशीचा दोष असल्याने पुढचा विचार ओघानेच आला. १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

हे औषध मिठाच्या सलाईनमधून देतात, आणि त्यामागे नेमकं कारण आहे. सिस्प्लॅटिनच्या रेणूवर क्लोराइडचे दोन कण असतात. रक्तात आणि सलाईनमध्ये क्लोराइड भरपूर असतं, म्हणून तिथे ते दोन कण जागेवर टिकतात आणि औषध तुलनेने शांत राहतं. पेशीच्या आत क्लोराइड खूपच कमी. तिथे पोहोचल्यावर ते कण सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं, आणि आता हे प्लॅटिनम डीएनएला घट्ट चिकटायला मोकळं होतं. ते डीएनएच्या शेजारशेजारच्या कड्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. पेशीला आपला डीएनए नीट वाचता येत नाही, त्याची नक्कल करता येत नाही, दुरुस्तीही जमत नाही, आणि शेवटी ती स्वतःच मरते. जोडीचं जेमसायटाबिन डीएनए बांधण्याच्या कामात खोट्या विटेसारखं बसतं आणि साखळी पुढे वाढू देत नाही. एक औषध डीएनए तोडतं-मोडतं, दुसरं त्याची दुरुस्ती आणि नवी बांधणी अडवतं, म्हणून ही जोडी जमते.

आता अडचण. किडनीच्या नळ्यांमधल्या पेशी रक्तातली नको असलेली द्रव्यं ओढून लघवीत टाकतात. त्यांच्यावर यासाठी खास वाहक प्रथिनं असतात, आणि तीच सिस्प्लॅटिनलाही आत ओढतात. त्यामुळे त्या पेशींमध्ये औषध रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त साठतं. शरीर औषध बाहेर काढायला ज्या अवयवावर विसंबून आहे, तोच सगळ्यात जास्त मारा झेलतो. किडनी थकली की औषध रक्तात जास्त वेळ राहतं, आणि मग कान, नसा, रक्तपेशी सगळ्यांनाच जास्त मात्रा मिळते. म्हणून प्रत्येक सायकलआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून किडनीचं काम कळतं. किडनीची गाळण्याची क्षमता साधारण मिनिटाला ५० ते ६० मिलिलिटरच्या खाली गेली, तर पूर्ण मात्रेत सिस्प्लॅटिन द्यायला डॉक्टर कचरतात.

सुरुवातीच्या काळात किडनीच्या नुकसानीमुळेच हे औषध बाजूला पडण्याच्या बेतात होतं. १९७० च्या दशकात लक्षात आलं की आधी आणि नंतर भरपूर सलाईन देऊन लघवीचा प्रवाह वाहता ठेवला तर किडनीचं नुकसान पुष्कळ कमी होतं. तुम्ही केमोच्या दिवशी तासन्‌तास टांगलेल्या ज्या बाटल्या पाहता, त्या याचसाठी. त्यातल्या एकीत बहुधा मॅग्नेशियमही असेल, कारण दुखावलेल्या नळ्यांमधून मॅग्नेशियम वाहून जातं. ते घटलं की पायात गोळे येतात, थकवा वाटतो, फार घटलं तर हृदयाची लय बिघडू शकते. पँटोप्राझोलही दीर्घकाळ घेतलं तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम कमी करतं. ती गोळी मुळात कशासाठी सुरू झाली आणि आताही लागते का, हे डॉक्टरांना विचारा. अनेकांच्या यादीत ती केवळ कुणी बंद केली नाही म्हणून चालू असते. मळमळीवर दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडबरोबर ती मुद्दाम ठेवली असण्याचीही शक्यता आहे, म्हणून स्वतः थांबवू नका.

किडनीला इतका त्रास असूनही तेच औषध का, तर मूत्रमार्गाच्या अस्तरातून निघणारा कॅन्सर प्लॅटिनमला चांगली दाद देतो. स्नायूपर्यंत गेलेल्या गाठीत आणखी एक चिंता असते: स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या काही पेशी रक्तातून आधीच दुसरीकडे पोहोचलेल्या असू शकतात. शस्त्रक्रियेआधीच्या केमोचा रोख त्यांच्यावर असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत सिस्प्लॅटिन असलेली चार औषधं आधी देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ७७ महिने होतं, थेट शस्त्रक्रिया केलेल्यांचं ४६ महिने. काढलेल्या मूत्राशयात कॅन्सर अजिबात न सापडण्याचं प्रमाण ३८ टक्के विरुद्ध १५ टक्के. ती चार औषधं शरीराला फार जड होती. बाबांना मिळणारी जोडी तुलनेने सोसवणारी म्हणून पुढे रूढ झाली. हे आकडे बाबांना जरूर सांगा, पण सोबत हेही सांगा की ते गटाचे आकडे आहेत, आणि त्यांत कानातला आवाज लपवण्याचा फायदा कुठेच मोजलेला नाही.

"मग किडनीला सौम्य असलेलं कार्बोप्लॅटिन का नको?" असा प्रश्न पुढे मनात येईलच. कार्बोप्लॅटिनची मात्रा किडनीच्या क्षमतेवरून सूत्राने ठरवता येते आणि कान-किडनीला ते बरंच सौम्य आहे, पण रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स जास्त पाडतं. शिवाय मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेआधीच्या उपचारात ते सिस्प्लॅटिनच्या तोडीचं आहे असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून डॉक्टर सहजासहजी अदलाबदल करत नाहीत.

आता त्यांच्या गोळ्या. त्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अधूनमधूनच्या डायक्लोफेनॅकची. किडनीच्या गाळणीत रक्त एका बारीक नळीतून येतं, दुसरीतून जातं. डायक्लोफेनॅक आत येणारी नळी आवळतं. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल करतं. हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातलं पाणी कमी करतं. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाबच पडतो. एरवी निरोगी माणसाची किडनी हे निभावून नेते. सिस्प्लॅटिननंतर उलट्या होताहेत, पोटात पाणी टिकत नाही, अशा दिवशी तेच जड जाऊ शकतं. म्हणून उपचार संपेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन या जातीची कुठलीही वेदनाशामक गोळी नको. गुडघ्यासाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. बहुधा पॅरासिटामॉल सांगतील, पण त्याबद्दल पुढे एक सूचना आहे ती वाचा. रक्तदाबाची गोळी मात्र आपणहून बंद करायची नाही. त्यातला पाणी काढणारा घटक केमोच्या काळात ठेवायचा की बदलायचा, एवढंच विचारायचं. उलट्या-जुलाब होत असतील किंवा उभं राहताना चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी फोन करून विचारायचं.

ते चूर्ण बंद करा. नातेवाइकांनी मायेने दिलं असेल याबद्दल मला शंका नाही. पण त्यात नेमक्या कोणत्या वनस्पती आहेत हे माहीत नसताना सिस्प्लॅटिनच्या जोडीला ते घेणं धोक्याचं आहे. ॲरिस्टोलोकिया जातीच्या काही वनस्पतींमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी अशा वनस्पतींची पूड घेतलेल्या अनेक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या, आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकींच्या मूत्रमार्गाच्या अस्तरात कॅन्सरही आढळला, म्हणजे बाबांना झालेल्याच जातीचा. तुमच्या चूर्णात ते आहे असं मी म्हणत नाही. पण 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' या समजुतीने किडनीचा आणि जिवाचा घात झाल्याचं उदाहरण आहे, आणि बाबांची किडनी सध्या एकही जादा धक्का सोसण्याच्या स्थितीत नाही. किडनी 'साफ' करायची गरजही नसते. तिला पुरेसं पाणी आणि कमी विषं हवी असतात. पाणी किती प्यायचं हे मात्र त्यांच्या हृदयाची स्थिती पाहून डॉक्टरच ठरवतील.

मूत्राशयातच औषध सोडलेल्या त्या गृहस्थांचं. त्यांची गाठ बहुधा अस्तरापुरती, वरच्या थरातली असावी. अशा आजारात बीसीजी नावाचं औषध नळीने मूत्राशयात सोडतात. क्षयाच्या लसीत असतात तेच जिवंत पण कमजोर केलेले जिवाणू. १९७६ साली कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे देण्याची त्यांची पद्धत आजही सुरुवातीला वापरली जाते. ते जिवाणू मूत्राशयाच्या अस्तरात प्रतिकारशक्तीला जागं करतात आणि ती कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडते. काहींना त्याऐवजी मायटोमायसिन हे केमोचं औषध सोडतात. दोन्ही औषधांचा प्रभाव मूत्राशयाच्या पृष्ठभागावर आहे. स्नायूत शिरलेल्या गाठीपर्यंत ती पुरेशी पोहोचत नाहीत आणि रक्तातून निसटलेल्या पेशींपर्यंत तर नाहीच. त्या गृहस्थांचा उपचार बाबांपेक्षा चांगला होता असं नाही; त्यांचा आजारच वेगळ्या पायरीवर होता. आणि बीसीजीही अगदीच निरुपद्रवी नाही: जळजळ, वारंवार लघवी होतेच, आणि क्वचित ते जिवाणू रक्तात उतरून गंभीर ताप आणू शकतात.

तापावरून सर्वांत तातडीची सूचना. ही कागदावर लिहून समोर लावून ठेवा. केमोनंतर साधारण पहिल्या ते दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. या काळात ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त आला तर सकाळची वाट पाहू नका. जेमसायटाबिनमुळे पहिल्या दिवशी अंग दुखून थोडा ताप येऊ शकतो हे खरं, पण तो औषधाचाच आहे हे ठरवणं तुमचं काम नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो, आणि पू, सूज, खोकला अशी नेहमीची लक्षणं दिसतीलच असं नाही, कारण ती लक्षणं निर्माण करणाऱ्या पेशीच कमी असतात. पॅरासिटामॉलबद्दलची सूचना हीच: ताप मोजल्याशिवाय ते देऊ नका, नाहीतर ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. डेक्सामेथासोनच्या दिवसांत ताप तसाही दबलेला असू शकतो, म्हणून थरथरून थंडी वाजली, बाबा एकाएकी गळून गेले किंवा गोंधळल्यासारखं बोलू लागले, तर तापमापीचा आकडा न पाहता निघा.

आणि रुग्णालयात पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा: "सिस्प्लॅटिन चालू आहे, कानात आवाज येतोय." लघवीच्या संसर्गात जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही प्रतिजैविकं वापरली जातात, ती किडनी आणि कान या त्याच दोन जागांवर मारा करतात. जोराने लघवी करवणारं फ्युरोसेमाइडही कानाला त्रास देऊ शकतं. दुसरे पर्याय असतात, पण ते निवडायला डॉक्टरांना माहिती हवी. म्हणून बाबांच्या सगळ्या औषधांची एकच यादी करा, त्यात कधीमधी घेतलेली डायक्लोफेनॅक आणि ते चूर्णही लिहा, शेवटचं कधी घेतलं तेही लिहा. लाजेखातर वगळलेली ओळच नेमकी महत्त्वाची असते. यादीचा एक फोटो तुमच्या फोनमध्ये, एक बहिणीच्या.

मळमळीसाठी दिलेल्या गोळ्या वेळेवर द्या, उलटी व्हायची वाट पाहू नका. सिस्प्लॅटिनची मळमळ पहिल्या दिवशी ओसरून दुसऱ्या ते पाचव्या दिवशी पुन्हा येते, आणि बरं वाटलं म्हणून लोक दुसऱ्या दिवशी गोळ्या सोडतात.

बहिणीसाठी दोन खबरदाऱ्या पुरतात. केमोनंतर सुमारे दोन दिवस औषधाचे अंश लघवीत आणि उलटीत असतात. त्या काळात तिने ती साफ करू नये, बाबांचे मळलेले कपडे हाताळू नयेत. हे काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत. बाबांनी बसून लघवी करावी आणि झाकण बंद करून दोनदा पाणी सोडावं. त्यांच्या शेजारी बसायला, त्यांना हात लावायला तिला काहीही धोका नाही. दुसरी खबरदारी ड्यूटास्टेराइडची. ते टेस्टोस्टेरॉनचं जास्त ताकदवान रूप तयार होऊ देत नाही, आणि पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्याच रूपाची गरज असते. हे औषध कातडीतूनही शोषलं जातं, म्हणून फुटलेली किंवा गळणारी कॅप्सूल तिने हाताळू नये. चुकून हात लागलाच तर लगेच साबणाने धुवावा.

राहिल्या प्रोस्टेटच्या गोळ्या. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचा आणि प्रोस्टेटचा स्नायू सैल करतं, ड्यूटास्टेराइड ग्रंथी हळूहळू आकसवतं. त्या सध्या चालू ठेवा. त्या आपल्या मनाने थांबवल्या आणि लघवी तुंबली, तर तो उलटा दाब थेट किडनीवर येतो आणि तिसरी सायकल पुढे ढकलावी लागेल. टॅमसुलोसिनने रक्तदाबही थोडा उतरतो, त्यामुळे केमोच्या दिवसांत रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभं राहायला सांगा. ड्यूटास्टेराइडमुळे रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीत मोजतात ते प्रथिन, सुमारे निम्मं दिसतं, म्हणून ते तपासलं तर ही गोळी चालू असल्याचं सांगायला विसरू नका.

पुरुषांमध्ये या शस्त्रक्रियेत मूत्राशयाबरोबर प्रोस्टेटही सहसा काढतात, त्यामुळे त्यानंतर या दोन्ही गोळ्यांचं काम बहुधा उरणार नाही. शल्यविशारदांना तेव्हा तसं विचारून घ्या. एक नोंद मात्र यादीत कायम ठेवा. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या डोळ्यातला बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ढिला पडू शकतो, अगदी गोळी बंद करून बराच काळ झाला असला तरी. पुढे कधी बाबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली, तर ते ही गोळी घेत होते हे नेत्रतज्ज्ञांना आधीच सांगा.